कधी सुरू होते, कधी होत नाही



या व्यासपीठावर काल उपनिषदांवर व्याख्यान झाले आणि उद्या शेतीच्या अर्थकारणावर व्हावयाचे आहे. मधल्या दिवशी एका जुन्या मोटारीच्या सेल्फवर बोलण्यासाठी चिटणिसांनी मला उभे केले आहे. त्यांच्या मनात माझ्यासाठी ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा विषय होता. मी म्हणालो, त्यावर मी गेटसभेत रोज बोलतो, ऐकणारेही कंटाळले आहेत. मला एकदा आमच्या गाडीविषयी बोलू द्या. चिटणीस हसले, पण त्यांनी हो म्हटले. या विषयात माझे स्वतःचे एक देणे गुंतलेले आहे, हे मी त्यांना तेव्हा सांगितले नव्हते. ते आज सांगणार आहे.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. १९८४ साली शाळा सुटली आणि मी इचलकरंजीत यंत्रमागावर कांड्या भरू लागलो. पुढे माग चालवू लागलो आणि त्याच्याही पुढे संघटनेचे काम करू लागलो. वीज, मोटार, यंत्र यांविषयी जे काही कळते ते थोडे मागापाशी उभे राहून आणि बाकीचे गावच्या वाचनालयात बसून मिळवलेले. सभेत कोणी इंजिनियर बसले असतील तर त्यांनी माझी चूक निघाल्यास हात वर करावा. मला राग येणार नाही.

आमच्या संघटनेकडे १९९७ सालची एक मारुती ८०० आहे. ही गाडी आपल्या सर्वांच्या ओळखीची. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी तिच्या मालकाच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि आमच्या गाडीला जुना कार्बोरेटर. २००६ साली आम्ही वर्गणी काढून ती दुसऱ्या हाताची घेतली. पहाटेची पाळी बदलताना गेटवर जाणे, कोल्हापूरला कामगार न्यायालयात जाणे, रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात पोहोचवणे, आणि खरे सांगायचे तर दोन-तीन लग्नांत नवरदेवाला मिरवणे, ही सगळी कामे तिने केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा ती दोन दिवस पाऊण चाकभर पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही तेल बदलले, गाद्या उन्हात टाकल्या, आणि गाडी पुन्हा चालू लागली. पूर संपला असे आम्हांला वाटले.

२०२२ च्या पावसाळ्यात तिने नवे सोंग काढले. किल्ली फिरवावी तर इंजिन फिरतच नाही. पुढून एक बारीक ‘टक्’ आवाज यावयाचा, कधी तोही नाही. पुन्हा किल्ली फिरवली तर कधी झटक्यात सुरू, कधी दहा वेळा फिरवूनही ढिम्म. धक्का मारला की मात्र दहा पावलांत पेटायची. आठ-आठ दिवस काही तक्रार नाही, आणि मग एखाद्या सकाळी, नेमकी घाई असताना, टक्.

जो दोष कायम असतो तो सापडतोच. जो येतो आणि जातो तो माणसाला वेडा करतो, कारण दुरुस्तीवाल्यापाशी गाडी नेली की तिथे ती शहाण्या मुलासारखी वागते. मग दुरुस्तीवाला आपल्याकडे पाहतो आणि आपण गाडीकडे पाहतो.

आता गाडी सुरू होताना काय होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. किल्ली फिरवली की बॅटरीतून एक लहान प्रवाह सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जातो. हा सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा लोहचुंबक. तो एकाच खेचीत दोन कामे करतो. सेल्फचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात ढकलतो, आणि तांब्याचे दोन जाड खिळे एकमेकांना जोडतो. ते जोडले गेले की मोठा प्रवाह सेल्फमध्ये शिरतो आणि इंजिन फिरते. हा मोठा प्रवाह केवढा? आपल्या घरातल्या छताच्या पंख्याला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. लहानशा मोटारीचा सेल्फ शंभर अँपिअर आणि त्याहून अधिक ओढतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी पुढे वाकून हँडल मारावे लागे, आणि हँडल उलटले की मनगट मोडे. आपल्याकडच्या अँबॅसडरला हँडलची सोय पुष्कळ वर्षे होती. आमच्या गाडीला ती नाही. तिला फक्त धक्का.

पण वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परत यावे लागते. घरात परतीसाठी दुसरी तार असते. मोटारीत गाडीचे लोखंडी अंगच परतीची वाट. यात एक गोम आहे. इंजिन गाडीच्या अंगावर सरळ बसवलेले नसते, ते रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते, नाहीतर त्याच्या थरथरीने आपले दात वाजतील. रबरातून वीज जात नाही. म्हणून बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड काळी तार थेट गिअरबॉक्सवर आणून बोल्टने आवळलेली असते. गॅरेजमध्ये तिला अर्थिंग म्हणतात. सेल्फमध्ये गेलेले ते सगळे शंभर-दीडशे अँपिअर या एका तारेवरून परत बॅटरीत जातात. तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती काळी, तेलकट, खाली अंधारात असते.

गाडी सुरू होत नाही असे कोणी म्हणाले तर पहिला प्रश्न एकच विचारावा. इंजिन फिरते आणि पेटत नाही, की फिरतच नाही? या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फिरते पण पेटत नाही, तर ठिणगी पाहा, पेट्रोल पाहा. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत उन्हाळ्यात थांबल्यावर पेट्रोलची वाफ होऊन बसते, गरम झालेली कॉइल दगा देते, पॉइंट जळतात. ते एक वेगळे व्याख्यान होईल. आमची गाडी धक्क्यावर तत्काळ पेटत होती, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही निर्दोष. दुखणे फिरण्याचे होते. इतके तरी आम्ही पहिल्याच दिवशी बरोबर ठरवले. पुढचे सगळे चुकत गेलो.

पहिला संशय बॅटरीवर. ती चार वर्षांची होती आणि मधून मधून उतरतही होती. ३,६०० रुपयांची नवी बॅटरी घातली. गाडी बारा दिवस उत्तम चालली. बाराव्या दिवशी टक्. मग गॅरेजचे मालक म्हणाले, किल्लीचा स्विच गेला. ९०० रुपये. गाडी नऊ दिवस चालली. मग कोणाच्या तरी लक्षात आले की गाडी गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलवली की पुष्कळदा सुरू होते. यावरून सर्वांनी एकमुखाने निर्णय दिला की सेल्फ एका जागी मेला आहे, पुरात त्यात पाणी गेले होतेच. ४,२०० रुपयांचा सेल्फ घातला. यावेळी तब्बल तीन आठवडे काही झाले नाही. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण अधूनमधून येणाऱ्या दोषाचे सगळे कपट हिच्यात आहे. प्रत्येक वेळी भाग बदलला आणि गाडी सुधारली. म्हणून तोच भाग खराब होता असे वाटले. खरे असे होते की बॅटरी बदलताना, सेल्फ काढताना, त्या काळ्या तारेला हिसका बसत होता आणि तिच्या आतले तुटके धागे पुन्हा काही दिवस एकमेकांना टेकत होते. गाडी हलवली की सुरू व्हायची तीही याच कारणाने; इंजिन रबरावर डुले, तार डुले. बॅटरी उतरत होती तीही याच कारणाने, कारण बॅटरी भरणारा अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला असतो आणि त्याचा प्रवाहही त्याच वाटेने फिरतो. एकाच गुन्हेगाराने तीन निरपराध माणसांच्या अंगावर आपले कपडे चढवून ठेवले होते.

त्या गॅरेजमध्ये एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा हाताखाली काम करी. पाने देणे, बोल्ट आवळणे, चहा आणणे. सेल्फ बदलण्याच्या आधी तो गाडीखाली बसला होता आणि मी वर किल्ली फिरवत होतो. तो म्हणाला, “दादा, क्लचची वायर लई तापतीया. हात लावून बघा.”

मालक म्हणाले, “इंजिनाजवळची वायर ती. तापणार न्हाय तर काय थंडीनं कुडकुडणार?”

सगळे हसले. मीही हसलो.

सप्टेंबरमध्ये कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात आमच्या एका विणकराचे प्रकरण होते. त्याला कामावरून कमी केले होते आणि मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणी मी घ्यावयाची होती. सकाळी साडेनऊला गाडी काढावयास गेलो. टक्. धक्का मारायला त्या वेळी मी आणि तो विणकर, दोघेच. चिखलात गाडी हलेना. बस पकडून पोहोचलो तेव्हा पुकारा होऊन गेला होता आणि पुढची तारीख जानेवारीतली पडली होती. चार महिने. माझ्या सेल्फमुळे एका माणसाच्या घरी आणखी चार महिने पगार यावयाचा नव्हता. परतताना बसमध्ये तो मला एक शब्द बोलला नाही, आणि बोलला असता तर बरे झाले असते.

मी उतरलो तो तडक गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइके बसलेली होती. मी आवाज चढवला. मला तो चढवता येतो, तोच माझा धंदा आहे. शेवटी टर्मिनल कोणी आवळले, असे विचारले. त्या पोराने, असे उत्तर आले. मग मी म्हणालो की शिकाऊ पोरांच्या हातात गाड्या देऊन तुम्ही लोकांचे नुकसान करता. एवढे बोलून मी निघून आलो. त्या संध्याकाळी मालकाने त्या पोराला हिशेब देऊन घरी पाठवले.

मंडळी, १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने मी तीस वर्षे एकच गोष्ट मागत आलो: आधी आरोपपत्र द्या, माणसाचा खुलासा घ्या, चौकशी करा, मग काय ती शिक्षा करा. गेटवर उभा राहून हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेल त्याला गणती नाही. आणि मी एका दुपारी एका पोराचा रोजगार घालवला. आरोपपत्र नाही, खुलासा नाही, चौकशी नाही. हे मला दुसऱ्या दिवशी आमच्याच कार्यालयातल्या एका बाईंनी सांगितले. त्या हिशेब लिहितात. त्यांनी त्या महिन्याच्या वहीत गाडीचा खर्च मांडला, ८,७०० रुपये, आणि म्हणाल्या, “तीन भाग आणि एक माणूस काढलात. गाडी सुरू होते का?”

मी वाचनालयात गेलो.

मोटारीच्या विजेवरचे एक जुने पुस्तक आणि शाळेचे विज्ञानाचे पुस्तक, अशी दोन घेऊन बसलो. शाळेच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे. तो आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. जॉर्ज सायमन ओहम हा जर्मनीतल्या एका कुलूपवाल्याचा मुलगा. बाप स्वतःच स्वतः शिकलेला आणि त्यानेच मुलांना गणित शिकवले. ओहम शाळामास्तर होता. १८२७ साली त्याने विजेवरचे आपले पुस्तक छापले तेव्हा त्याच्या देशातल्या विद्वानांनी त्याला विचारले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ले पदक त्याला १८४१ साली मिळाले. कुलूपवाल्याच्या पोराचा हा नियम सांगतो की वाटेत जितका अडथळा आणि जितका प्रवाह, त्यांच्या गुणाकाराइतका दाब त्या वाटेत खर्ची पडतो.

मी कागदावर मांडले. तारेत ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आहे असे धरा. सोलेनॉइड नीट जुळून सेल्फने दीडशे अँपिअर मागितले तर दीड व्होल्ट त्या तारेतच गेले. बारातले दीड. अडथळा दहापट झाला, म्हणजे ओहमचा दहावा भाग, की सेल्फला इंजिन फिरवण्याइतके काही उरतच नाही. आणि ओहमचा दहावा भाग तुमच्या-माझ्या तीनशे रुपयांच्या मीटरवर ओळखूसुद्धा येत नाही. गॅरेजच्या मालकांनी ती काळी तार तपासली नव्हती असे नाही. त्यांनी मीटर बीपवर लावला, दोन टोके टेकवली, बीप वाजली, तार चांगली. मीटर तारेतून जो प्रवाह सोडतो तो अँपिअरचा हजारावा भाग. त्याला दोन धागे उरले असले तरी पुरे. ओढ्यावरचा मोडका साकव एका माणसाला पलीकडे नेतो, म्हणून त्यावरून वऱ्हाडाच्या बैलगाड्या घालावयाच्या काय?

तेव्हा तार मोजावयाची ती ओझे अंगावर असताना. किल्ली फिरवलेली, सेल्फ प्रवाह मागतो आहे, आणि त्याच क्षणी कोठे किती दाब खर्ची पडतो ते पाहावयाचे. आणि तेही दोष हजर असताना. धक्का मारून गाडी सुरू केली की साक्षीदार पळाला.

मी एक वही केली. तारीख, वेळ, पाऊस की ऊन, गाडी किती वेळ उभी होती, कोणत्या रस्त्याने आली, सुरू झाली की नाही. तीन आठवड्यांत तेवीस नोंदी झाल्या. मला वाटले होते की गरम-थंडचा काही संबंध निघेल. निघाला नाही. निघाले ते असे की हातकणंगल्याकडून चांगल्या रस्त्याने आल्यावर ती क्वचितच अडे, आणि आमच्या वसाहतीतल्या खड्ड्यांतून आल्यावर हमखास अडे. म्हणजे खराब होते ते हादऱ्याने हलणारे काहीतरी. मागावर जॉबर असाच विचार करतो. एकच माग रोज पहाटे धागे तोडतो तेव्हा चांगला जॉबर पाना हातात घेत नाही. पहाटे त्या मागाभोवती काय बदलते ते पाहतो, खिडकी कोणती उघडी राहते ते पाहतो. मी मागावरून उठून खुर्चीवर बसलो आणि हे विसरलो.

मग सर्वांना ताकीद दिली की गाडी अडली की धक्का नाही, हलवणे नाही, बॉनेटला हातही लावायचा नाही, मला बोलवा. ऑक्टोबरच्या एका रविवारी ती कार्यालयाच्या अंगणातच अडली. आम्ही चोर सापडावा तसे चोरपावलांनी तिच्याभोवती गोळा झालो. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, एकजण आत किल्लीवर बसला.

आधी दिवे लावून किल्ली फिरवली. दिवे जराही मंद झाले नाहीत. बॅटरी मेलेली असती तर दिवे विझू विझू झाले असते. ते तेजस्वी राहिले, म्हणजे बॅटरी दमली नव्हती; तिच्याकडून कोणी फारसे मागतच नव्हते. मग मीटर. बॅटरीच्या दोन टोकांवर, किल्ली फिरवलेली असताना, १२.४ व्होल्ट. ठीक. लाल तारेच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ काही नाही. ठीक, ती वाट मोकळी होती. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. ही दोन्ही एकाच तारेने जोडलेली; त्यांच्यात दाबाचा फरक असण्याचे कारण नाही. फार तर पाव व्होल्ट.

७.३ व्होल्ट.

मी तीन वेळा मोजले. बारापैकी सात व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्ची पडत होते. सोलेनॉइडला उरले पाच. तेवढ्यात तो कण्हत होता, तेच ते टक्. सेल्फपर्यंत काही पोहोचतच नव्हते. जुना नाही आणि नवाही नाही.

आणि मग, किल्ली फिरवलेलीच असताना, मी हात खाली घालून क्लचच्या केबलला लावला आणि झटकन मागे घेतला.

ती तापली होती. का, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. काळी तार तुटत आली, पण विजेला परत तर जावयाचेच होते. इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत लोखंडाचा दुसरा दुवा कोणता? गिअरबॉक्सपासून पायाखालच्या पत्र्यापर्यंत जाणारी क्लचची केबल. वीज त्या आडवाटेने जात होती, आणि ती केबल त्या कामासाठी केलेली नाही, म्हणून तापत होती. इंजिन थंड असतानाही तापत होती. म्हणजे त्या पोराने निदान सांगितले होते. मीटर नव्हता, ओहम माहीत नव्हता. हात लावला आणि जे लागले ते सांगितले. आम्ही हसलो नसतो तर ४,२०० रुपये, चार महिने आणि त्याची नोकरी वाचती.

एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण आधी तीनदा फसलो होतो. बॅटरीला बॅटरी जोडण्याच्या जाड तारा असतात, त्यांतली एक घेतली. तिचे एक टोक ऋण टोकाला आणि दुसरे, बॅटरीपासून लांब, इंजिनाला. लांब अशासाठी की शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. बंद केले, तार काढली, किल्ली, टक्. तार लावली, सुरू. असे दहा वेळा केले. भाग बदलल्यावर गाडी सुधारली एवढ्याने काही सिद्ध होत नाही. दोष घालवता आला पाहिजे आणि मनात येईल तेव्हा परत आणताही आला पाहिजे, तेव्हा तो हाती आला असे मी समजतो.

काळी तार सोडवली. वरून अगदी नवी दिसत होती. रबर धड, बोल्ट घट्ट, टोकाचा लग स्वच्छ. लगच्या मागचे रबर ब्लेडने चिरले आणि आतून हिरवी-पांढरी पूड सांडली. तांब्याच्या धाग्यांच्या फटींतून पाणी वातीसारखे वर चढते. २०१९ चा पूर त्या रबराच्या आत शिरला होता आणि तीन वर्षे तांबे खात बसला होता. मोजून पाच धागे शाबूत होते, आणि तेही लगमध्ये सैल. नवी तार लगसकट ३८० रुपयांना पडली. तेव्हापासून गाडी त्या कारणाने अडलेली नाही. दुसऱ्या कारणांनी अडते. तिचे वय झाले आहे.

आता देण्याविषयी.

तो पोरगा गावातच एका गोदामात सुताची पोती उतरवत होता. गॅरेजवरून काढलेला म्हणून दुसऱ्या गॅरेजने घेतला नव्हता. मी तारेचा तुकडा पिशवीत घेऊन गेलो आणि चार हमालांच्या देखत त्याला म्हणालो की चूक माझी होती, तू सांगितलेले बरोबर होते, मी खोटा आळ घेतला. तो खाली पाहत राहिला. त्यावर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “तार आणलीया का?”

मी दिली. त्याने ती उन्हाकडे धरून चिरलेल्या जागेत पाहिले, नखाने पूड काढली.

“लगमध्येच सडली व्हय. वरनं कळायचंच न्हाय.” मग थोडे थांबून, “मीटर किती दावत हुता?”

“सात पूर्णांक तीन.”

तो मनाशी काहीतरी जुळवत होता. “म्हंजी तेवढं सगळं क्लचच्या वायरीवरनं चाललं हुतं.”

मी मग गॅरेजवरही गेलो आणि गिऱ्हाइके बसलेली असताना तेच सगळे पुन्हा सांगितले. मालक भला माणूस आहे, त्याने पोराला परत बोलावले. पोरगा गेला नाही. गोदामात रोज जास्त मिळतो आणि तिथे कोणी हसत नाही, असे त्याने मला कारण सांगितले. यावर युक्तिवाद करण्याचा अधिकार मला नव्हता. विणकराचे प्रकरण जानेवारी २०२३ मध्ये पुढे चालले, त्याच वर्षी तडजोड झाली आणि तो कामावर रुजू झाला. त्या चार महिन्यांचा पगार मात्र तडजोडीत बसला नाही.

तो पोरगा अधूनमधून रविवारी कार्यालयात येतो आणि गाडीचे बॉनेट उघडून पाहतो. मागच्या दिवाळीत माझा मीटर घेऊन गेला, तो अजून परत केलेला नाही, आणि मी मागितलेलाही नाही. त्यामुळे आज तुम्हांला मीटर दाखवता येत नाही. तारेचा तुकडा मात्र इथे टेबलावर ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अध्यक्षांचे भाषण झाल्यावर पुढे यावे. मुलांनी ती हिरवी पूड हाताला लावून घेऊ नये, डोळ्यांत गेली तर फार चुरचुरते.